रस्ते, वीज आणि दुकाने बंद असताना मधुमेह कसा सांभाळावा

संचारबंदी लागली, पुलावरून पाणी गेले किंवा सलग तीन दिवस वीज आली नाही की मधुमेही माणसाच्या घरात ठरलेल्या चुका होतात. जेवण कमी झाले म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद केले जाते, उरलेल्या गोळ्या पुरवायच्या म्हणून त्या दिवसाआड घेतल्या जातात, बाटली गार राहावी म्हणून ती थेट बर्फावर ठेवली जाते आणि दुकान उघडले की मिळेल ते इन्सुलिन हाताला लागेल त्या सिरिंजने टोचले जाते. धुळे जिल्ह्यात इन्सुलिन घ्यायला शिकवण्याचे काम करताना मी एक वाक्य इतक्यांदा ऐकले आहे की ते आता कानात बसले आहे: "आज काही खादं नही, मंग सुई कसाले लेऊ?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर प्रत्येक रुग्णासाठी वेगळे असते, आणि ते अडचणीच्या दिवशी शोधायला गेले तर सापडत नाही.

युद्धाच्या आणि दंगलीच्या प्रदेशांत, मग ते सुदान असो, गाझा असो किंवा मे २०२३ नंतरच्या मणिपूरमधील मदत छावण्या असोत, मधुमेहींपुढे जे प्रश्न उभे राहतात तेच प्रश्न लहान प्रमाणात आपल्याकडेही येतात. धुळ्याने २००८ आणि २०१३ मध्ये दंगली पाहिल्या आहेत. पांझरा, गिरणा आणि तापीचे पूर, एप्रिल-मे महिन्यांतील जळगाव-भुसावळचा ४५ अंशांच्या आसपासचा पारा आणि सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांचे पावसाळ्यात तुटणारे रस्ते तर दरवर्षीचेच आहेत. खालील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पूर्ण करावेत. पहिले चार टप्पे शांत दिवसांतच उरकायचे आहेत. वर्षातून दोनदा, आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी आणि मृगाच्या आधी, ते पुन्हा तपासावेत.

टप्पा १: डॉक्टरांकडून आगाऊ लिहून घ्यायचा कागद

नेहमीच्या तपासणीला जाताना एक वही सोबत न्यावी आणि पुढील प्रश्नांची उत्तरे तोंडी न घेता लिहूनच घ्यावीत. माझा मधुमेह पहिल्या प्रकारचा आहे की दुसऱ्या? जेवण निम्मेच मिळाले तर कोणते इन्सुलिन किती युनिटने कमी करायचे? जेवण अजिबात मिळाले नाही तर कोणते सोडायचे आणि कोणते चालू ठेवायचे? उलट्या-जुलाब झाले तर कोणती गोळी थांबवायची? माझे नेहमीचे इन्सुलिन मिळाले नाही तर त्याऐवजी कोणते चालेल, किती युनिट आणि दिवसातून किती वेळा?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, त्यामुळे पोट रिकामे असले तरी यकृतातून रक्तात उतरणारी साखर हाताळण्यासाठी इन्सुलिन लागतेच. ते पूर्ण तोडले तर एक-दोन दिवसांतच रक्तात आम्ल साठू लागते आणि जीव धोक्यात येतो. अशा रुग्णाने, विशेषतः लहान मुलाने, दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन कोणत्याही परिस्थितीत पूर्ण बंद करायचे नसते. जेवणाआधीचे इन्सुलिन मात्र जेवणाशी बांधलेले असते, त्यामुळे जेवण नसेल तेव्हा त्याचा नेहमीचा डोस घ्यायचा नसतो. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात केवळ गोळ्यांवर असलेल्या माणसाला थोडी अधिक मोकळीक असते, पण तीही डॉक्टरांनी ठरवून दिलेली असावी.

याच कागदावर औषधाचे रासायनिक नाव लिहावे, केवळ कंपनीचे नाव पुरत नाही, कारण टंचाईत कंपनी बदलते. त्याखाली सकाळ-संध्याकाळचे युनिट, इन्सुलिन ४० चे की १०० चे (म्हणजे एका मिलिलीटरमध्ये किती युनिट), मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास, कोणत्या औषधाची ॲलर्जी आणि दोन नातेवाइकांचे फोन क्रमांक असावेत. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून इन्सुलिनच्या डब्यात ठेवावा आणि त्याची प्रत शेजाऱ्याकडे द्यावी. मोबाइलमध्ये फोटो असला तरी चालेल, पण केवळ त्यावर भिस्त ठेवू नये, कारण वीज नसेल तेव्हा मोबाइलही चालणार नाही.

तपासा: घरातील दुसऱ्या माणसाच्या हातात कागद द्यावा आणि सकाळचा डोस विचारावा. त्याला तो चटकन सांगता आला नाही तर कागद पुन्हा, मोठ्या अक्षरांत लिहावा.

टप्पा २: साठा मोजणे

"घरात दोन बाटल्या आहेत" ही मोजणी नव्हे. आपल्याकडे मिळणाऱ्या ४० च्या इन्सुलिनची बाटली १० मिलिलीटरची असते, म्हणजे तिच्यात ४०० युनिट असतात. पेनमध्ये बसणाऱ्या १०० च्या कार्ट्रिजमध्ये ३ मिलिलीटर, म्हणजे ३०० युनिट असतात. दिवसाला ३० युनिट लागत असतील तर महिन्याला ९०० युनिट होतात, म्हणजे बाटल्या सव्वादोन, आणून ठेवायच्या तीन. त्यावर एक जास्तीची बाटली ठेवावी, कारण अडचणीच्या दिवसांत बाटली फुटते, हरवते किंवा उन्हात राहते.

येथे दोन गोष्टी हमखास सुटतात. उघडलेली बाटली साधारण २८ दिवसांनी टाकून द्यायची असते, त्यामुळे ज्याला दिवसाला केवळ १० युनिट लागतात त्याची ४०० युनिटची बाटली हिशेबाने ४० दिवसांची असली तरी ती महिन्याचीच धरावी. दुसरे म्हणजे पेन वापरणाऱ्यांनी प्रत्येक टोचणीपूर्वी हवा काढण्यासाठी जी दोन युनिट सोडायची असतात तीही हिशेबात घ्यावीत. दिवसातून दोनदा टोचणाऱ्याचे महिन्याला १२० युनिट त्यातच जातात.

इन्सुलिनबरोबर सिरिंज किंवा पेनच्या सुया, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, मीटरचा जादा सेल, लघवीतील कीटोन (इन्सुलिन कमी पडले की शरीरात साठणारे आम्ल) तपासण्याच्या पट्ट्या, कापूस, ओआरएसची पाकिटे, अर्धा किलो साखर आणि रक्तदाबाच्या गोळ्या हेही मोजावे. साठा किमान एक महिन्याचा असावा. जुना माल पुढे आणि नवा मागे ठेवावा, म्हणजे मुदत संपणारी बाटली आधी वापरली जाते.

पैशांची अडचण असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयातील असंसर्गजन्य आजारांच्या तपासणी कक्षात नाव नोंदवून घ्यावे. तेथे मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात. पावसाळ्यात रस्ता तुटणाऱ्या पाड्यावर राहत असल्यास आशाताईंना जूनच्या आधीच सांगून दोन महिन्यांची औषधे एकदम मागावीत.

इशारा: साठा पुरवण्यासाठी स्वतःच्या मनाने डोस निम्मा करू नये किंवा गोळी दिवसाआड घेऊ नये. साठा दहा दिवसांवर आला की त्याच दिवशी हालचाल सुरू करावी, शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये.

टप्पा ३: इन्सुलिन गार ठेवणे

न उघडलेल्या इन्सुलिनसाठी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान योग्य असते. फ्रीज असल्यास बाटली मधल्या फळीवर किंवा दारात ठेवावी, बर्फाच्या कप्प्याला लागून मुळीच ठेवू नये. वीज गेल्यावर फ्रीज सारखा उघडून पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण न उघडलेला फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो.

त्यापुढे, किंवा मुळातच फ्रीज नसेल तेव्हा, दुहेरी मडके हा आपल्या भागासाठी सर्वांत भरवशाचा उपाय आहे. केनियातील दागाहाले निर्वासित छावणीत बहुतेक घरांत फ्रीज नाही. तेथील तापमानाच्या चढउताराप्रमाणे, म्हणजे २५ ते ३७ अंशांदरम्यान, इन्सुलिन चार आठवडे ठेवून डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि जिनिव्हा विद्यापीठाने ते तपासले, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात इन्सुलिनचा गुण टिकून राहिल्याचे दिसले. याचा अर्थ उन्हात काही होत नाही असा नव्हे. खानदेशात मे महिन्यात पत्र्याच्या घरातील हवा ३७ अंशांच्या वर सहज जाते, आणि ती त्या मर्यादेच्या आत आणण्याचे काम मडके करते.

मडके असे मांडावे. कुंभाराकडून रंग न दिलेली, भाजलेल्या मातीची दोन मडकी आणावीत. एक दुसऱ्यात बसेल आणि भोवती दोन-तीन बोटांची जागा राहील असे माप घ्यावे. तेलरंगाने रंगवलेले मडके घेऊ नये, कारण त्याची छिद्रे बुजतात आणि पाणी पाझरत नाही. मोठ्या मडक्याच्या तळाशी वाळू घालून त्यावर लहान मडके ठेवावे, मधली पोकळी नदीच्या धुतलेल्या वाळूने भरावी आणि वाळू चिंब होईपर्यंत पाणी ओतावे. इन्सुलिनची बाटली तिच्या मूळ खोक्यासह झाकणाच्या कोरड्या डब्यात घालावी, डबा आतल्या मडक्यात ठेवावा आणि तोंडावर ओले गोणपाट टाकावे. मडके तिवईवर, सावलीत आणि वारा खेळत असेल अशा जागी ठेवावे. सकाळी आणि दुपारी वाळूवर पाणी घालावे, आणि भर उन्हाळ्यात संध्याकाळीही घालावे.

यात सर्वांत मोठी चूक जागेची होते. मडके कपाटात, कोठीत किंवा बंद खोलीच्या कोपऱ्यात ठेवले जाते. गारवा पाण्याची वाफ होण्यातून येतो आणि वाफेला वारा लागतो, म्हणून ओसरीवरचे मडके कोठीतल्या मडक्यापेक्षा नेहमीच अधिक गार असते. दुसरी चूक बाटली थेट पाण्यात बुडवण्याची. तिचे लेबल सुटून जाते आणि मग कोणती बाटली कोणत्या इन्सुलिनची आहे हेच कळत नाही. पावसाळ्यात दमट हवेमुळे मडके कमी गार होते, पण तेव्हा हवेतील उष्माही कमी असतो, त्यामुळे काम भागते.

तपासा: डब्यात एक साधा खोलीचा थर्मामीटर ठेवावा आणि दुपारी तीनच्या सुमारास तो वाचावा. आकडा ३० च्या आत असेल तर मांडणी ठीक आहे. तो ३५ च्या वर जात असल्यास जागा बदलावी किंवा पाणी वाढवावे.

आता बर्फाविषयी. गेल्या उन्हाळ्यात एक आजी कापडात गुंडाळलेली बाटली घेऊन आल्या. वीज गेली म्हणून मुलाने बर्फाची लादी आणली आणि बाटली रात्रभर लादीच्या खाचेत रोवून ठेवली होती. एरवी हलवल्यावर दुधासारखे एकजीव होणारे इन्सुलिन हलवूनही तळाशीच बसत होते आणि काचेच्या आतल्या बाजूला दह्याच्या कवडीसारखे पांढरे कण चिकटले होते. त्याच बाटलीतून चार दिवस सुई घेतली गेली होती आणि साखर उतरत का नाही हे कोणालाच कळत नव्हते. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखे दिसले तरी ते वापरायचे नसते. बर्फ वापरावाच लागला तर बर्फ आणि बाटली यांच्यामध्ये जाड टॉवेलची घडी किंवा वर्तमानपत्राचे अनेक थर असावेत.

प्रवासात बाटली मोटारसायकलच्या डिकीत, एसटीच्या इंजिनावरील झाकणाजवळ किंवा गाडीच्या काचेमागे ठेवू नये. ओला रुमाल गुंडाळलेल्या डब्यात घालून ती हातातील पिशवीत ठेवावी.

तपासा: टोचण्यापूर्वी बाटली उजेडात धरावी. पाण्यासारखे असणारे इन्सुलिन गढूळ, पिवळसर किंवा कणयुक्त दिसले तर ते टाकावे. दुधासारखे असणारे इन्सुलिन दोन्ही तळव्यांमध्ये हळूहळू घोळल्यावर एकजीव झाले नाही, त्यात गुठळ्या राहिल्या किंवा काचेवर पांढरा थर दिसला तर तेही टाकावे. दिसायला ठीक असूनही दोन-तीन दिवस साखर कारणाशिवाय चढी राहिली तर नवी बाटली उघडून पाहावी.

टप्पा ४: बाटली आणि सिरिंज यांची जोडी

टंचाईत सर्वांत घातक चूक येथेच होते, म्हणून हा टप्पा दोनदा वाचावा. ४० च्या इन्सुलिनसाठी ४० ची सिरिंज असते आणि तिचे टोपण लाल असते. १०० च्या इन्सुलिनसाठी १०० ची सिरिंज असते आणि तिचे टोपण नारिंगी असते. पेनचे कार्ट्रिज १०० चे असते. पेन बिघडले म्हणून त्यातील इन्सुलिन घरातल्या लाल टोपणाच्या सिरिंजने काढून २० च्या रेघेपर्यंत भरले तर प्रत्यक्षात ५० युनिट भरले जातात, म्हणजे अडीच पट. एवढ्या डोसने माणूस झोपेतच बेशुद्ध होऊ शकतो. उलट ४० चे इन्सुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरले तर अवघे आठ युनिट जातात आणि साखर चढत राहते.

म्हणून दुकानात जो कोणी जाईल त्याच्याकडे रिकामी बाटली आणि वापरलेल्या सिरिंजचे टोपण द्यावे. संचारबंदी दोन तास शिथिल होते तेव्हा दुकानात गर्दी असते, औषधविक्रेता घाईत असतो आणि नावे एकसारखी असतात, पण समोर ठेवलेल्या बाटलीवरून चूक होत नाही. घरी आल्यावर बाटलीवरील आकडा आणि सिरिंजवरील आकडा एकच आहे ना, हे दोघांनी मोठ्याने वाचावे.

इन्सुलिनचा प्रकार बदलून मिळाला तर वेळही बदलते. साधे मानवी इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचे असते, तर झटपट काम करणारे नवे इन्सुलिन जेवणाच्या अगदी तोंडावर घेतात. छावणीत किंवा नातेवाइकाकडे जेवण कधी येईल याचा भरवसा नसेल तर ताट समोर आल्यावरच सुई घ्यावी. जेवणास थोडा उशीर झालेला परवडतो, पण सुई घेऊन जेवण न येणे परवडत नाही.

इशारा: पाण्यासारखे स्वच्छ दिसणारे प्रत्येक इन्सुलिन जेवणाआधीचे नसते. दिवसभर काम करणारे ग्लार्जिनही तसेच स्वच्छ दिसते. एकाच डब्यात दोन्ही असतील तर एका बाटलीला रबरबँड लावावा, म्हणजे अंधारातही हाताला फरक कळतो. ग्लार्जिन दुसऱ्या कोणत्याही इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये मिसळू नये.

सुया संपत आल्यास स्वतःचीच सुई टोपण लावून काही वेळा पुन्हा वापरता येते, मात्र ती बोथट झाली किंवा वाकली की टाकावी. एकाची सुई किंवा पेन दुसऱ्याने वापरू नये, मग ते नवरा-बायको असोत की सख्खे भाऊ. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवाव्यात, उकिरड्यावर टाकू नयेत.

टप्पा ५: शिधा आणि ताट

वीज गेली की पिठाची गिरणीही बंद होते. घरात दादर ज्वारीचे पोते भरलेले असते आणि भाकरीला पीठ नसते, मग तीनही वेळा रेशनचा तांदूळ शिजतो आणि साखर चढते. म्हणून आठवड्याचे पीठ नेहमी दळून ठेवावे. शक्य असल्यास ते ज्वारी आणि उडदाचे, म्हणजे कळण्याचे असावे. त्यातील डाळीमुळे साखर सावकाश चढते. पीठ संपलेच तर ज्वारी जात्यावर किंवा खलबत्त्यात भरडून कण्या कराव्यात आणि मुगाच्या डाळीबरोबर शिजवाव्यात. फुटाणे, शेंगदाणे, मटकी आणि सुकवलेल्या भाज्या हा टिकणारा शिधा आहे. बिबड्या आणि पापड जिभेला आधार देतात, पण त्यांत मीठ पुष्कळ असते, त्यामुळे रक्तदाब असलेल्यांनी ते जपून खावेत.

मदतीचे अन्न बहुधा पुरी-भाजी, भात, पाव किंवा बिस्किटांचे पुडे असे येते. ते नाकारून उपाशी राहणे हा उपाय नव्हे. ताटात जी डाळ, उसळ, भाजी किंवा शेंगदाणे असतील ते आधी खावेत आणि भात शेवटी, एका वाटीपुरता घ्यावा. उरलेला भात दोन-तीन तासांनी खावा. दिवसातील जेवण एकाच वेळी भरपेट खाण्यापेक्षा तीन-चार वेळा थोडे थोडे घेणे बरे. चहा बिनसाखरेचा घ्यावा.

इन्सुलिनचा डोस टप्पा १ च्या कागदाप्रमाणे ठरवावा. राहून गेलेला डोस भरून काढण्यासाठी पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये.

टप्पा ६: साखर एकदम उतरली तर

हात थरथरणे, दरदरून घाम, छातीत धडधड, एकाएकी भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. मीटरवर आकडा ७० च्या खाली असेल, किंवा पट्टी नसेल पण लक्षणे दिसत असतील, तर लगेच तीन लहान चमचे साखर अर्धा पेला पाण्यात विरघळवून द्यावी. एवढ्यात सुमारे १५ ग्रॅम साखर असते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि फरक नसेल तर पुन्हा तेवढेच द्यावे. बरे वाटल्यावर भाकरी, केळे किंवा मूठभर फुटाणे खायला द्यावेत, नाहीतर साखर पुन्हा उतरते.

जळगावकडे केळे हाताशी असते, म्हणून आधी केळेच दिले जाते. पण ते चघळून पोटात जाऊन साखर चढायला वेळ लागतो. शेव, चॉकलेट आणि क्रीमची बिस्किटेही सावकाश काम करतात. पहिला मान साखरेच्या पाण्याचा आहे. साखरेची पुडी उशाशी, खिशात आणि शेतात नेण्याच्या फडक्यात, अशी तीन ठिकाणी ठेवावी. उन्हात अंग तापले की टोचलेले इन्सुलिन लवकर रक्तात उतरते आणि मेहनतीने साखरही खर्च होते, म्हणून पायपीट किंवा सामान वाहण्याचा दिवस असेल तेव्हा अधिक सावध राहावे.

ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांनी उतरलेली साखर एकदा सावरून काही तासांनी पुन्हा उतरू शकते. अशा माणसाला रात्री एकटे झोपू देऊ नये.

इशारा: बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, सरबत किंवा गूळ घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ वर फोन करावा. मदत पोहोचायला फार वेळ लागणार असेल तर कुशीवरच ठेवून चिमूटभर ओली साखर गालाच्या आतील बाजूस बोटाने चोळावी आणि तोंड खालच्या बाजूला झुकलेले ठेवावे.

टप्पा ७: मोजक्याच पट्ट्या असतील तेव्हा

वीस पट्ट्या आणि वीस दिवस अशी वेळ आली तर रोज एक पट्टी ठरलेल्या वेळी वापरण्यापेक्षा गरजेप्रमाणे वापरणे शहाणपणाचे ठरते. साखर उतरल्याची शंका, उलट्या किंवा ताप, नवी बाटली किंवा नवे इन्सुलिन सुरू केल्याचा दिवस, आणि बाकी दिवसांत आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी उपाशीपोटी, हा प्राधान्यक्रम ठेवावा. लक्षणे स्पष्ट असतील तर पट्टी शोधत बसू नये, आधी साखर द्यावी.

बोट धुतल्याशिवाय टोचू नये. केळे सोललेल्या किंवा आंबा कापलेल्या बोटावर साखर चिकटलेली असते आणि मीटर ती रक्तातीलच धरतो. एका शेतकऱ्याच्या बोटावर ३१२ आकडा आला होता, पण हात साबणाने धुऊन, पुसून, दुसऱ्या बोटावर पाहिले तेव्हा तो १४८ निघाला. तो ३१२ खरा मानून त्यांनी इन्सुलिन वाढवले असते तर रात्री काय झाले असते याची कल्पना करवत नाही. पाणी टंचाईचे असेल तर ओल्या फडक्याने बोट पुसावे, पहिला थेंब टिपून टाकावा आणि दुसरा वापरावा. पट्ट्यांच्या डबीचे झाकण लगेच लावावे, कारण दमट हवेने पट्ट्या खराब होतात.

टप्पा ८: ताप, उलट्या आणि जुलाब

पुरानंतर आणि छावणीत जुलाब हमखास होतात. "मधुमेह आहे, ओआरएस चालणार नाही" हा गैरसमज अनेक घरांत आहे. एक लिटर ओआरएसमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे तीन लहान चमचे साखरेपेक्षाही कमी. शरीरातील पाणी आटण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे, म्हणून ओआरएस घोटघोट घेत राहावे. पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच मिसळावे.

आजारपणात खाणे कमी झाले तरी ताणामुळे साखर बहुधा चढते, त्यामुळे इन्सुलिन बंद करण्याची घाई करू नये. याउलट मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या जोराच्या उलट्या-जुलाबांत सहसा थांबवाव्या लागतात, मात्र त्याचा निर्णय टप्पा १ च्या कागदावर आधीच लिहिलेला असावा.

पुढील लक्षणे दिसली तर घरी थांबू नये: सतत उलट्या, पोटात दुखणे, खोल आणि जोराचा श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी, किंवा साखर ३०० च्या वर टिकून राहणे. लघवीच्या पट्टीवर कीटोन दिसले तरी लगेच रुग्णालय गाठावे. संचारबंदी असली तरी रुग्णाला नेता येते. १०८ ची रुग्णवाहिका मिळाली नाही तर ११२ वर पोलिसांना कळवावे आणि डॉक्टरांचा कागद हातात ठेवून निघावे. गर्भवती स्त्री, लहान मूल आणि मूत्रपिंडाचा रुग्ण यांच्याबाबतीत एवढीही वाट पाहू नये.

टप्पा ९: पाय

रोज रात्री दिव्याच्या उजेडात दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा किंवा नातवंडाला पाहायला सांगावे. चप्पल घालण्यापूर्वी ती उलटी करून झटकावी आणि आतून हात फिरवावा. बधिर झालेल्या पायाला बाभळीचा काटा दिवसभर रुतलेला असूनही कळत नाही. पुराच्या पाण्यातून अनवाणी चालू नये. भेगांवर राख, तंबाखू किंवा चुना भरू नये. जखम स्वच्छ पाण्याने धुऊन कोरड्या कापडाने झाकावी, आणि तिच्याभोवती लाली पसरली, सूज आली किंवा वास आला तर दवाखाना गाठावा.

टप्पा १०: घर सोडावे लागले तर

दाराजवळ खुंटीवर एक पिशवी कायम टांगलेली असावी. तिच्यात कागदाची प्रत, सिरिंज, मीटर, साखर, ओआरएस, फुटाणे, पाण्याची बाटली, जुना टॉवेल आणि लहान मडके गुंडाळण्याचे गोणपाट असावे. इन्सुलिन तेवढे निघताना मडक्यातून किंवा फ्रीजमधून काढून डब्यात घ्यायचे, म्हणून पिशवीवर ठळक अक्षरांत "इन्सुलिन घेतले का?" असे लिहून ठेवावे. गडबडीत पिशवी सोबत येते आणि इन्सुलिन मात्र घरी राहते, असे वारंवार घडते. साठा दोन भागांत विभागून दोघांच्या सामानात ठेवावा, म्हणजे एक पिशवी हरवली तरी दुसरी उरते.

छावणीत किंवा शाळेच्या निवाऱ्यात पोहोचताच तेथील आरोग्य कर्मचाऱ्याकडे मधुमेही म्हणून नाव नोंदवावे. लाजेने गप्प राहू नये. शेजारी झोपणाऱ्या माणसालाही साखर उतरल्याची लक्षणे आणि साखरेची पुडी कोठे आहे ते सांगून ठेवावे.

टप्पा ११: रस्ता उघडल्यावर

पहिल्या आठवड्यातच डॉक्टरांकडे जावे. सोबत त्या दिवसांत घेतलेले डोस, चुकलेले डोस आणि मीटरचे आकडे लिहिलेली वही न्यावी. शेवटच्या तपासणीला तीन महिने झाले असतील तर एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्यावे आणि पायांची तपासणी आवर्जून मागावी. ज्या बाटल्या उन्हात राहिल्या किंवा गोठल्याची शंका आहे त्या वेगळ्या काढून टाकाव्यात, शिल्लक म्हणून पुन्हा साठ्यात ठेवू नयेत. वापरलेली साखर, ओआरएस आणि पट्ट्या त्याच बाजारात भरून आणाव्यात आणि खुंटीवरची पिशवी पुन्हा टांगावी.